बाळ, नोकरी आणि छंद : प्रसूतीच्या रजेनंतरची घडी बसवताना

प्रसूतीची रजा संपत आली की घरात बहुधा एकाच प्रश्नाची चर्चा होते, आणि तो म्हणजे बाळाला कोण सांभाळणार. प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण त्याच्या जोडीला अंगावरचे दूध, रात्रीची झोप आणि आईचे स्वतःचे असे थोडे काम किंवा छंद यांचाही विचार रजा चालू असतानाच व्हायला हवा. कामावर रुजू झाल्यानंतर या गोष्टी सावकाश बघू असे ठरवले, तर त्या बघण्याइतकी उसंत पुढे अनेक महिने मिळत नाही.

पहिले काम म्हणजे रजेचा नीट हिशोब करणे. मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली झालेल्या दुरुस्तीमुळे पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली आणि त्यांपैकी जास्तीत जास्त 8 आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. ज्या बाईने ते 8 आठवडे आधीच वापरले, तिचे बाळ ती रुजू होते तेव्हा जेमतेम चार महिन्यांचे असते. बाळाला पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे मधल्या दोन महिन्यांसाठी काढून ठेवलेल्या दुधाची सोय लागणार, हे गृहीत धरूनच तयारी करावी. कायद्यानुसार 50 किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करणे आवश्यक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आले पाहिजे. शिवाय बाळ 15 महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी नेहमीच्या विश्रांतीखेरीज रोज दोन सुट्ट्या मिळतात. कामाचे स्वरूप तसे असेल, तर रजेनंतर काही काळ घरून काम करण्याची मुभाही परस्पर संमतीने घेता येते. हे सारे रुजू होण्याच्या महिनाभर आधी कार्यालयाला लेखी विचारावे, आणि दूध काढण्यासाठी आतून कडी लावता येईल अशी खोली कोणती, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे. हा आपला हक्क असल्याने त्याची मागणी करताना संकोच बाळगू नये.

दूध काढून ठेवण्याचा सराव रुजू होण्याआधी दोन-तीन आठवडे सुरू करावा. बहुतेकींना सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर दूध काढणे सोपे जाते. हात साबणाने धुवून, हाताने किंवा पंपाने काढलेले दूध झाकणाच्या स्वच्छ भांड्यात 60 ते 90 मिलिलिटरच्या छोट्या भागांत भरावे आणि प्रत्येक भांड्यावर तारीख व वेळ लिहावी. हे दूध साधारण 25 अंश तापमानाला चार तास आणि फ्रीजमध्ये चार दिवस टिकते; मात्र आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात ते बाहेर न ठेवता लगेच फ्रीजमध्येच ठेवावे, तेही दाराच्या कप्प्यात नव्हे, तर आतल्या बाजूला. कार्यालयातून घरी नेताना बर्फाच्या पिशव्या घातलेली थंड पिशवी वापरावी. दूध उकळू नये, मायक्रोवेव्हमध्येही तापवू नये. भांडे कोमट पाण्यात ठेवले की पुरते. कोमट केलेले दूध दोन तासांत संपवावे आणि उरलेले पुन्हा साठवू नये.

इथे घरातल्यांना एक गोष्ट आवर्जून दाखवून ठेवावी. फ्रीजमध्ये ठेवलेल्या दुधावर स्निग्धांशाचा पिवळसर थर येतो आणि खालचे दूध पातळ, किंचित निळसर दिसते. ते फाटले असे समजून आजी किंवा सांभाळणाऱ्या मावशी कष्टाने काढलेले दूध मोरीत ओतून टाकू शकतात. भांडे हलकेच फिरवले की थर पुन्हा मिसळतो, हे त्यांच्यासमोर एकदा करून दाखवावे. बाटलीपेक्षा वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजणे स्वच्छतेच्या दृष्टीने बरे. पण आईच्या हातून बाळ बहुधा वाटी घेत नाही, म्हणून हा सराव बाबांनी किंवा आजीने, आई खोलीबाहेर असताना करावा.

बाळ पाळणाघरात जाणार असेल, तर पहिल्या आठवड्यात एक-दोन तास, मग अर्धा दिवस असे वाढवत न्यावे. पाळणाघर निवडताना भिंतींवरची चित्रे पाहण्यापेक्षा एका मावशीकडे किती बाळे आहेत, दूध कुठे ठेवतात आणि आधी न कळवता आपण आलो तर आत घेतात का, हे पाहावे. आणि शक्य असल्यास सोमवारऐवजी गुरुवारी रुजू व्हावे, म्हणजे दोन दिवसांत काय अडते ते कळते आणि शनिवार-रविवारी ते दुरुस्त करता येते.

घरकामाच्या वाटणीबद्दल माझे मत ठाम आहे : मदत मागू नये, कामच सोपवावे. "जरा दुपटी वाळत घाल" असे रोज सांगावे लागत असेल, तर ते काम अजून आईच्याच डोक्यावर आहे. त्याऐवजी लसीकरण ही बाबांची जबाबदारी, असे एकदाच ठरवावे. मग कार्डावरची तारीख पाहणे, दवाखान्याची वेळ घेणे, नंतरच्या तापाचे औषध आणून ठेवणे, हे सारे त्यांनीच करायचे. त्यांची पद्धत आपल्यापेक्षा वेगळी असली, तरी त्यात लुडबुड करू नये.

आता छंदाविषयी. उरलेल्या वेळात छंद जोपासू असे म्हटले की तो सुटतो, कारण बाळ असलेल्या घरात वेळ उरतच नाही. तो आधीच बाजूला काढावा लागतो. आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळा, प्रत्येकी अर्धा तास, आणि त्या वेळेत बाळाची पूर्ण जबाबदारी दुसऱ्या कोणाची, एवढे पुरेसे आहे. बाळ झोपल्यावरचा वेळ यासाठी धरू नये, कारण तो आईच्याही झोपेचा वेळ असतो. पहिल्या वर्षी छंदाचे असे रूप निवडावे, जे मध्येच थांबवता येईल. क्रोशाचे काम एका ओळीवर सोडून उठता येते. फक्त सुया, कात्री आणि मणी झाकणाच्या डब्यात ठेवावेत, कारण रांगते बाळ हाती लागेल ते तोंडात घालते. चित्रे काढणाऱ्या बाईने तैलरंग आणि टर्पेंटाइन काही काळ दूर ठेवून पेन्सिल किंवा जलरंग घ्यावेत. गाणारीने बाळंतपणात पोटाचे स्नायू सैल पडलेले असतात हे ध्यानात ठेवून सुरुवातीला तार सप्तकाचा हट्ट धरू नये आणि मंद्रातल्या संथ स्वरांवर रियाज करावा. नृत्य, गिर्यारोहण किंवा जोराचा व्यायाम डॉक्टरांना विचारूनच पुन्हा सुरू करावा, विशेषतः सिझेरियन झाले असेल तर.

थकव्यामुळे एखाद्या दिवशी वही उघडलीच नाही, तर त्याचे काही वाटून घेऊ नये. परंतु आवडीच्या कशातच मन रमत नाही, बाळ शांत झोपलेले असतानाही आपल्याला झोप लागत नाही, सारखे रडू येते आणि असे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले आहे, तर हा आळस नव्हे आणि आई म्हणून कमी पडणेही नव्हे. प्रसूतीनंतरचे नैराश्य हा आजार आहे, तो पहिल्या वर्षात कधीही सुरू होऊ शकतो आणि उपचारांनी बरा होतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना हे मोकळेपणाने सांगावे किंवा शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा; तिथे मराठीतही बोलता येते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार मनात येत असेल, तर मात्र एक दिवसही न थांबता घरातल्या कोणाला तरी सोबत घेऊन रुग्णालय गाठावे.