रविवारची मिसळ, लहान मुलांसकट

नाशकात रविवारी सकाळी मिसळीला इतकी गर्दी असते की ताट येईपर्यंत तीन-चार वर्षांचं पोर भुकेनं रडकुंडीला येतं. त्यात रस्सा त्याला झेपत नाही. म्हणून असं करा:

१. बसताच, मोठ्यांचं ठरायच्या आधी, मुलासाठी दही, पाव आणि पापड मागवा. हे तयारच असतं, लगेच येतं.

२. एक मिसळ 'मटकी कोरडी, रस्सा वेगळा' अशी स्पष्ट सांगा. काळ्या मसाल्याचा रस्सा एकदा ओतला की तिखटपणा दह्यानंही पुरता जात नाही. कोरडी मटकी आधी स्वतः चाखा, मग दह्यात कालवून चिमूटभर साखर घाला. शेव अगदी शेवटी, वरून. कुरकुरीत राहिली तरच मुलं मिटक्या मारत खातात.

३. मळ्यातल्या ठिकाणी झोपाळा, घसरगुंडी असते. तिकडे खाणं झाल्यावरच सोडा, नाहीतर पोर टेबलाकडे फिरकत नाही.

एक जपा: रस्सा कढत येतो. त्याचं भांडं मुलाच्या हाताला लागणार नाही असं पलीकडच्या बाजूला ठेवायला वाढणाऱ्या दादांना आधीच सांगून ठेवा.