चाळिशीनंतर हाडांच्या बाबतीत आपण बाया करतो त्या चुका

आमच्या सासूबाई मे महिन्यात हॉलमधल्या कूलरजवळ घसरल्या, तेव्हा त्यांचं वय होतं 57. कूलरमध्ये पाइपनं पाणी भरणं चालू होतं, टाकी भरून पाणी टाइल्सवर आलं, त्या मोटर बंद करायला घाईत गेल्या आणि पाय सरकला, पडताना हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. भेटायला येणारी प्रत्येक जण म्हणे, "बरं झालं बापा, हातावरच निभावलं." आम्हालाही तसंच वाटलं. पण नुसतं उभ्याउभ्या पडून हाड मोडलंच कसं, हे ना प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं ना आम्ही.

पुढे पाच वर्षांनी वर्षाचे गहू भरताना कोठी थोडी सरकवली आणि पाठीत चमक भरली. मलम लावलं, पट्टा बांधला, शेक दिला, महिना गेला तरी दुखणं जाईना म्हणून एक्सरे काढला तर मणका दबलेला. मग डेक्सा, म्हणजे हाडाची घनता मोजणारा स्कॅन केला, टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत आपलं हाड किती कमी ते सांगणारा आकडा) उणे 3.1. आता मागे वळून पाहते तेव्हा एक गोष्ट डोळ्यासमोर येते. मधल्या काळात त्यांनी आपले परकर दोनदा खालून दुमडून शिवून घेतले होते, "कापड सैल पडून राहिलं वाटते" म्हणून. कापड नव्हतं सैल पडत, त्यांची उंची कमी होत होती. चार सेंटिमीटर.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच की पहिलं फ्रॅक्चर नुसतं जोडून घ्यायचं आणि विसरून जायचं. पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून मनगट, खांदा, मणका किंवा खुबा मोडला तर तो अपघात नाही, हाड ठिसूळ झाल्याची खूण आहे. प्लास्टर निघायच्या आधीच डॉक्टरांना स्वतःहून विचारा की हाडाची घनता तपासायची का. एक फ्रॅक्चर झालं की दुसऱ्याची शक्यता वाढलेली असते आणि पहिली एकदोन वर्षं तर जास्तच.

"माझं तर काहीच दुखत नाही"

हे वाक्य मी आमच्या नागपुरात महालातल्या मावशीपासून त्रिमूर्तीनगरच्या मैत्रिणीपर्यंत सगळ्यांकडून ऐकलंय. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, दुखतच नाही हो, मोडेपर्यंत दुखत नाही. आणि याच्या उलट चूक म्हणजे गुडघे दुखले की "कॅल्शियम कमी झालं" म्हणून मेडिकल स्टोअरमधून गोळ्यांची बाटली आणायची. गुडघेदुखी बहुतेक वेळा सांध्यातली कूर्चा झिजल्यामुळे असते, तो वेगळा आजार, कॅल्शियमच्या गोळीनं तो बरा होत नाही. दुखतं त्याच्यावर गोळ्या खातो आणि जे न दुखता पोखरतंय ते मोजतच नाही.

रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून निश्चिंत होणं हीपण तशीच गफलत. हृदय, स्नायू, नसा यांना कॅल्शियम लागतंच म्हणून शरीर रक्तातली पातळी काही झालं तरी सांभाळतं, आणि कमी पडलं तर हाडातून काढून घेतं. म्हणजे हाडं रिकामी होत असतानाही रिपोर्ट छान येऊ शकतो. शिबिरात टाचेवर मशीन लावून जे मोजतात ते फक्त अंदाजासाठी, त्यावरून औषध सुरू करायचं नसतं. खरी तपासणी म्हणजे कंबर आणि खुब्याचा डेक्सा, धंतोली-रामदासपेठेत डॉक्टरांना विचारलं की कुठे होतो ते सांगतात. दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं, सुई नाही, काही नाही. टी-स्कोअर उणे 1 किंवा त्याच्या वर असेल तर ठीक, उणे 1 ते उणे 2.5 च्या मधे म्हणजे हाड विरळ व्हायला लागलंय, उणे 2.5 किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस. पुढच्या वेळी शक्यतो त्याच सेंटरला त्याच मशीनवर करा, नाहीतर दोन रिपोर्टची तुलना नीट होत नाही.

65 नंतर तर करायचंच, पण पाळी गेलेली असेल आणि सोबत यातलं काही असेल तर थांबू नका: आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडला होता, अंगानं फार बारीक आहात, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी तीन महिन्यांहून जास्त स्टेरॉइड घेतलंय, तंबाखू-खर्रा-मिश्रीची सवय आहे, किंवा पाळी 45 च्या आतच थांबली. सांधेदुखीवर जादूसारखा आराम देणाऱ्या बिननावाच्या पुड्या घेतल्या असतील तर तेही डॉक्टरांना लपवू नका, अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड निघाल्याची उदाहरणं आहेत.

पिशवी काढली आणि विषय संपला

याबद्दल मला खूप कळकळीनं सांगायचंय कारण आपल्याकडे गावागावात पस्तिशी-चाळिशीत "पिशवी काढून टाकली" म्हणणाऱ्या बाया भेटतात आणि पिशवीसोबत अंडाशय काढलेत की ठेवलेत हे त्यांना स्वतःलाच माहीत नसतं. अंडाशय काढले की हाडं सांभाळणारं इस्ट्रोजेन हार्मोन एकदम बंद पडतं आणि हाडाची झीज जी पन्नाशीत सुरू व्हायची ती दहा-पंधरा वर्षं आधी सुरू होते. हाडाचा साठा साधारण तिशीपर्यंत भरतो, मग हळूहळू उतरतो, आणि पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत सगळ्यात जोरात, वीस टक्क्यांपर्यंतही उतरू शकतो. त्यामुळे ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड कपाटातून शोधून काढा, अंडाशयाबद्दल काय लिहिलंय ते एखाद्या डॉक्टरकडून वाचून घ्या. ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर आधीच विचारा, अंडाशय ठेवता येतील का म्हणून.

खाण्याचा हिशेब

पाळी गेल्यानंतर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020 च्या शिफारशीप्रमाणे रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, त्याआधी 1000. एक मोठा कप दूध म्हणजे 240 च्या आसपास. आता दिवसभरात चहातलं चार चमचे दूध हेच ज्यांचं दूध आहे त्यांनी स्वतःच हिशेब करावा. पोळी, भात, ज्वारीची भाकर यात कॅल्शियम फारच कमी. नाचणीत भरपूर, 100 ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास, पण आपल्याकडे विदर्भात नाचणी घरात फारशी येत नाही, ती आणायची सवय लावायला हवी. जवसाची चटणी चांगलीच, रोज खा, पण चमचाभर चटणीनं हा आकडा भरत नाही. त्यापेक्षा न सोललेल्या तिळाची चटणी करा, दहा ग्रॅम तिळात शंभरच्या आसपास मिळतं. शेवग्याचा पाला उत्तम, वरणात टाका, थालीपीठात टाका. पालकाच्या भरवशावर राहू नका, त्यातल्या ऑक्झलेट नावाच्या घटकामुळे कॅल्शियम अंगी लागत नाही.

आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेली पातळ डाळ स्वतः घेणं थांबवा. हाडाचा सांगाडा प्रथिनांचा असतो, त्यावर कॅल्शियम बसतं. डाळ, दही, पनीर, सोयाबीन, अंडी, जे खात असाल ते ताटात आधी वाढून घ्या.

गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खा, असा मेसेज दर दोन महिन्यांनी फिरतो. नका खाऊ. त्यात किती कॅल्शियम गेलं ते कळत नाही आणि तोंडा-घशाला तो भाजतो. आणि मुतखडा होईल म्हणून ज्या दूध-दही बंद करतात त्यांनीपण ऐका, जेवणातलं कॅल्शियम कमी केल्यानं बहुतेक खडे टळत नाहीत, उलट वाढू शकतात. कारण जेवणातलं ऑक्झलेट पोटातच बांधायला कॅल्शियम उरत नाही. आपल्या उन्हाळ्यात खड्याचं मोठं कारण म्हणजे पाणी कमी पिणं.

एवढं ऊन असून डी कमी कसं?

खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागायला डी जीवनसत्त्व हवं. नागपूरचं ऊन, 45 डिग्री, आणि रिपोर्टमध्ये डी जीवनसत्त्व 9! सगळ्यांनाच आश्चर्य वाटतं. पण आपण स्कूटीवर डोक्याला स्कार्फ, हातात हातमोजे, अंगात सनकोट घालून निघतो, बाकी वेळ घरात. सकाळी सहाच्या फिरण्यात कोवळं ऊन छान वाटतं पण त्यानं डी जवळपास बनत नाही, काचेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हानंही नाही. सोपी खूण: तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा छोटी असेल तेव्हाचं ऊन कामाचं. मे महिन्यात नागपुरात ती सकाळी नऊच्या सुमारासच छोटी होते, मग तेव्हाच दहा-पंधरा मिनिटं हात-पाय उघडे ठेवून उभ्या राहा आणि आत या, दुपारी अजिबात नाही. जानेवारीत मात्र साडेअकरा ते दीडच्या मधेच जावं लागतं, गच्चीवर संत्री सोलत बसायला याहून चांगली वेळ नाही.

रिपोर्टमध्ये डी 20 च्या खाली असेल तर डॉक्टर बहुतेक 60,000 युनिटची पुडी देतात, आठवड्यातून एकदा. आठवड्यातून एकदा! ती रोज घेणाऱ्या बाया मी पाहिल्यात, मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ आणि शेवटी किडनीवर ताण. दोन-तीन महिन्यांचा कोर्स संपल्यावरही मनानं चालू ठेवू नका. आणि पुडी घेऊनही आकडा हलत नसेल तर उपाशीपोटी घेता का ते पाहा, दुधासोबत किंवा जेवणानंतर घेतली तर चांगली शोषली जाते.

गोळ्या घेऊनही त्रास होतो तेव्हा

कॅल्शियम कार्बोनेटच्या 1250 मिलिग्रॅमच्या गोळीत खरं कॅल्शियम 500 असतं, पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा. ती जेवणासोबतच घ्यायची, एका वेळी 500-600 पेक्षा जास्त नाही, दोन गोळ्या असतील तर एक दुपारी एक रात्री. गॅस, बद्धकोष्ठ होत असेल किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर डॉक्टरांना कॅल्शियम सायट्रेटच्या गोळीबद्दल विचारा, तिला जेवणाची अट नाही. थायरॉइडच्या गोळीत आणि कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर हवं, मी स्वतः दोन्ही सकाळी एकदमच घ्यायची आणि टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) का वाढतोय ते कळायचंच नाही.

हाडांची झीज रोखणारी, आठवड्यातून एकदाची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी घेतल्यावर छातीत जळजळ होते म्हणून पुष्कळ जणी सोडून देतात. आधी पद्धत तपासा. सकाळी उपाशीपोटी, पूर्ण ग्लासभर साध्या पाण्यासोबत, चहासोबत नाही, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. तरीही जळजळ राहिली तर डॉक्टरांना सांगा, दुसरे पर्याय आहेत. झीज रोखणारंच पण दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू असेल तर तारीख चुकवू नका, मधेच बंद केलं तर झीज एकदम वाढून मणके दबू शकतात. दाढ काढायची असेल तर दातांच्या डॉक्टरांना यातलं कुठलंही औषध चालू असल्याचं आधी सांगा.

व्यायामाबद्दल थोडंसंच. फुटाळा तलावाला चक्कर मारता, चांगलंच आहे, पण त्यानं ताकद आणि तोल येत नाही. हात न टेकता खुर्चीवरून दहादा उठा-बसा, ओट्याला हात लावून एका पायावर उभं राहा. मणक्याची घनता कमी आली असेल तर पुढे वाकायची आसनं, पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, बंद करा, ग्रुपमधल्या सगळ्या करून राहिल्या तरी.

आणि पडणं टाळायला घर बघा. कूलरचा पाइप भिंतीच्या कडेनं घेतला का, बाथरूममध्ये धरायला दांडा आहे का, रात्री लघवीला उठलं की लाइटचं बटण पलंगावरून हाताला लागतं का, पावसाळ्यात अंगणातली शेवाळ घासली का. मोतीबिंदू पिकायची वाट पाहत बसू नका, झोपेची गोळी चालू असेल तर ती कमी करता येते का ते विचारा.

आमच्याकडे आता कूलरला फ्लोट व्हॉल्व्ह बसवलाय, टाकी भरली की पाणी आपोआप बंद होतं. सासूबाई रविवारी सहाला गोळी घेतात आणि साडेसहापर्यंत व्हरांड्यात ताठ बसून असतात, चहा त्यानंतर. स्वयंपाकघराच्या चौकटीवर नातवाची उंची पेन्सिलनं लिहिलेली आहे, त्याच्याच शेजारी आता त्यांची आणि माझीपण आहे, तारखेसकट. भिंतीला टाचा लावून दर सहा महिन्यांनी मोजतो, माझी पुढची खूण दिवाळीत करायची आहे.