मातीतल्या बॅक्टेरियांवर प्रोजेक्ट घेताय? आधी हे वाचा

एमएस्सीला मी मातीतल्या बॅक्टेरियांपासून अँटिबायोटिक असा प्रोजेक्ट घेतला तेव्हा वाटलेलं की माती आणायची, प्लेटवर टाकायची, चांगला स्ट्रेन, म्हणजे बॅक्टेरियाचा वाण, मिळाला की फ्लास्कमध्ये वाढवायचा, झालं काम. पण स्ट्रेन मिळणं त्यामानाने सोपंय हो, त्याच्याकडून हवं ते बनवून घेताना खरा कस लागतो.

मला ॲक्टिनोमायसीट्स हवे होते, म्हणजे अँटिबायोटिक बनवणाऱ्या बॅक्टेरियांचा एक गट, आणि पहिल्या सगळ्या प्लेट्सवर बॅसिलस नावाचे बॅक्टेरिया आणि बुरशीचा नुसता धुमाकूळ. मग एका सिनियर ताईने सांगितलं की माती आधी चार-पाच दिवस सुकू दे आणि दोन दिवसांत प्लेट फेकून देऊ नकोस, 28 डिग्रीला निदान 7 दिवस ठेव. सातव्या दिवशी दिसल्या, खडूची पूड भुरभुरल्यासारख्या पांढरट-राखाडी कॉलनी, लूपने उचलायला गेले तर निघेचनात, आगारात, म्हणजे प्लेटमधल्या जेलीत, रुतून बसलेल्या, आणि झाकण जरा सरकवलं तर पहिल्या पावसाचा वास! तो जिओस्मिन या रसायनाचा, ॲक्टिनोमायसीट्समधले स्ट्रेप्टोमायसिस ते बनवतात. याच स्ट्रेप्टोमायसिसमधल्या ग्रिसियस या जातीपासून 1943 मध्ये वॅक्समन यांच्या लॅबमध्ये अल्बर्ट शॅट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिन वेगळं केलं, टीबीवर लागू पडलेलं पहिलं अँटिबायोटिक. ते आठवून मी त्या प्लेटकडे कितीतरी वेळ बघत बसले होते.

ज्यांना एन्झाइम हवंय त्यांनी बॅसिलसच घ्या, मातीचं सस्पेन्शन 80 डिग्रीला 10 मिनिटं ठेवलं की उष्णता सोसणारे स्पोअरवाले तेवढे उरतात, मग स्टार्च आगारवर आयोडीन ओतायचं, निळ्यात जिथे स्वच्छ गोल दिसेल तिथे ॲमायलेज, म्हणजे स्टार्च तोडणारं एन्झाइम, आहे.

आता फर्मेंटेशन, म्हणजे स्ट्रेन फ्लास्कमध्ये वाढवून अँटिबायोटिक बनवून घेणं. माझी पहिली बॅच 24 तासांनी काढली, झोन, म्हणजे अँटिबायोटिकमुळे टेस्टचा जंतू वाढत नाही तो स्वच्छ गोल, शून्य. चूक माझीच होती, कारण अँटिबायोटिक हे सेकंडरी मेटाबोलाइट, म्हणजे वाढीसाठी थेट न लागणारा पदार्थ, वाढ मंदावली, खाणं कमी पडायला लागलं की बहुतेक वेळा तेव्हा कुठे ते बनायला लागतं, आणि वर मी मीडियात, म्हणजे बॅक्टेरियाच्या खाद्यात, भरपूर ग्लुकोज घातलेलं, सोपी साखर समोर असेपर्यंत बरेच स्ट्रेन दुसऱ्या कामाला हातच लावत नाहीत. ग्लुकोजच्या जागी स्टार्च घेतलं, रोज सॅम्पल काढलं, चौथ्या दिवशी आगारात सॅम्पल भरायच्या खड्ड्याभोवती झोन आला. दुसरं म्हणजे हवा, 250 मिलीच्या फ्लास्कमध्ये 50 मिलीच मीडिया घ्या, जास्त भरलात तर शेकरवर ठेवूनही ऑक्सिजन पुरत नाही. आणि वाढ मोजायला ओडीवर, म्हणजे द्रावणाच्या गढूळपणाच्या रीडिंगवर, विसंबू नका, स्ट्रेप्टोमायसिस गोळ्या-गोळ्या करून वाढतो, रीडिंग काहीही येतं, ड्राय वेट, म्हणजे सुकवून वजन, घ्या.

सगळ्यात मोठा फटका मला बसला तो स्ट्रेनचा स्टॉक, म्हणजे फ्रीझरमध्ये जपलेला साठा, न केल्यामुळे. प्लेटवरून प्लेटवर तोच कल्चर नेत राहिले, सहाव्या-सातव्या वेळी कॉलनीवरची पूड गेली, गुळगुळीत टकलासारख्या दिसायला लागल्या आणि त्याबरोबर झोनही गेला. स्ट्रेप्टोमायसिसमध्ये हे होतं, सारखं सबकल्चर केलं, म्हणजे प्लेटवरून प्लेटवर नेलं, की अँटिबायोटिक बनवणारे मागे पडतात. प्युअर कल्चर मिळेल त्याच दिवशी 20 टक्के ग्लिसरॉलमध्ये स्टॉक करून उणे 80 ला टाका, उद्यावर ढकलू नका.

मी पुन्हा माती आणली, पुन्हा सुकवली, तो जुना स्ट्रेन काही परत मिळाला नाही. दुसरा एक मिळाला, झोन थोडा लहान होता, पण त्याच संध्याकाळी त्याच्या 20 ट्यूब भरून, तारीख घालून फ्रीझरमध्ये ठेवल्या आणि मगच घरी गेले.