कार्बनचे नियम लिहायला बसण्याआधी

सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावच्या आपल्या पाच गावांनी मिळून झाडं लावायची आणि त्यांनी हवेतून ओढलेला कार्बन मोजून विकायचा, म्हणजे आपला धूर भरून काढू पाहणाऱ्या कंपन्यांकडून त्याचे पैसे घ्यायचे, इथवर एकमत झालंय. सरकारची सक्ती नाही, तेव्हा नियम आपले आपणच घालून घ्यायचे. दहिवडीच्या बैठकीत ते लिहू. पण हात हलवत कुणी येऊ नये, म्हणून काय काय सोबत हवं ते लिहितो.

सातबारा आणि आठ-अ आणालच. त्याहून महत्त्वाचे आहेत जमिनीचे जुने फोटो. सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिलंय म्हणजे जमीन रिकामी, असं धरून चालू नका. आपल्या माळावर कुसळीचं गवत आहे, तिच्यावर मेंढरं जगतात, लांडगा आणि खोकडही तिथेच राहतात. गूगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रं दिसतात. आपापल्या गट नंबरची दहा वर्षांपूर्वीपासूनची काढून प्रिंट आणा. दहाच का, तर प्रकल्पाआधीच्या दहा वर्षांत निसर्गाचं असलेलं गवत-जंगल मोडून मोकळी केलेली जमीन कार्बन प्रकल्पांना मान्यता देणारी व्हेरासारखी संस्था घेत नाही. चांगलं गवत नांगरून तिथे रोपं लावली तर आपल्यालाही तोच नियम लागला पाहिजे. कासच्या पठारावर झाडं लावा असं कुणी म्हणत नाही, कारण तिथली फुलं सगळ्यांना दिसतात. आपल्या माळाचे फोटो काढायला कुणी येत नाही, एवढाच फरक. म्हणून गावनकाशावर ‘इथे लावायचं नाही’ ते तुकडे लाल पेन्सिलीने आधीच रंगवून आणा. माझ्या मते नियमावलीचं पहिलं पान तेच असावं.

सामाईक खातं असेल तर सगळ्या भावांच्या सह्या लागतील, पुण्या-मुंबईला असलेल्यांच्याही. हे काम तीस-चाळीस वर्षांचं आहे. आज मोघम ठेवलेली भाऊबंदकी झाड वाढेल तशी वाढत जाते. गायरानाचा विषय या बैठकीत घ्यायचा नाही, त्याला ग्रामसभा आणि वर परवानगी लागते. गेल्या वर्षी एक एजंट इंग्रजीतला चाळीस वर्षांचा करार घेऊन आला होता आणि आपल्यातल्या तिघांनी चहा संपायच्या आत सह्या ठोकल्या. पैसे नाहीत, कराराची प्रत नाही, आणि आता तो फोनही उचलत नाही. ज्यांच्याकडे असा काही कागद असेल त्यांनी न लाजता आणावा. एकच झाड दोनदा विकता येत नाही.

याच कारणासाठी खर्चाची वही हवी. कोणत्या बांधावरचे खड्डे रोजगार हमीतून निघाले, कुठली रोपं सामाजिक वनीकरणाची, हे वेगळं लिहा. जे झाड कार्बनचे पैसे नसते तरी लागलंच असतं, ते मोजायचं नाही. ब्रिटनमध्ये २०११ पासून नव्या जंगलांसाठी ‘वुडलँड कार्बन कोड’ नावाची अशीच ऐच्छिक नियमावली आहे, तिचाही भर यावर आहे. तिथे पहिली तपासणी पाचव्या वर्षी होते, पुढे निदान दर दहा वर्षांनी. तोवर कागदावरचा कार्बन म्हणजे नुसता वायदा.

आता मोजणी. शिंप्याकडची टेप आणि एक सरळ बांबू आणा. बांबूवर जमिनीपासून १३७ सेंटीमीटरला खिळ्याने खूण करा. त्या उंचीवर खोडाचा घेर घ्यायचा, उतारावर वरच्या बाजूला उभं राहून. खाली दोन फाटे फुटले असतील तर दोन्ही मोजायचे. घेर आणि जातीवरून कोरडं वजन काढतात. शंभर किलो कोरड्या लाकूड-मुळांत साधारण ४७ किलो कार्बन असतो, म्हणजे १७२ किलो कार्बन डायऑक्साइड. एक टन कार्बन डायऑक्साइड विकायचा तर ५८० किलो कोरडं वजन उभं पाहिजे. बाभळीकडे बघून सांगा, त्याला किती वर्षं लागतील! महाबळेश्वरला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आपल्याकडे जेमतेम ५००, जिल्हा मात्र एकच. तिथल्या वाढीचा तक्ता इथे लावणारा माणूस दिसला तर त्याला आधी चहा द्या आणि मग रस्ता दाखवा.

मेलेली झाडं मोजायची ती मे महिन्यात, दिवाळीत नाही. तीन बाय तीन मीटरवर एकरी साधारण ४५० रोपं बसतात. त्यांतली उन्हाळ्यानंतर किती उरली तोच आकडा खरा. नंबराचे बिल्ले पत्र्याचे करा, प्लॅस्टिकवरची शाई आपल्या उन्हात एक हंगामही टिकत नाही.

वणव्यासाठी वेगळं गाठोडं ठेवावं लागेल. ब्रिटनच्या त्या नियमावलीत मोजलेल्या कार्बनपैकी २० टक्के राखीव जातो, जळालं-पडलं तर त्यातून भरपाई. आपल्याकडे फेब्रुवारीत कुणी विडी टाकली तरी डोंगर पेटतो, तेव्हा मी २० वर थांबणार नाही. गेल्या दहा वर्षांत कुठे कुठे पेटलं ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून आणा. जाळरेषा, म्हणजे आग अडवायचा मोकळा पट्टा, कोण काढणार हेही आताच ठरवायचं.

जातींवर फार वेळ घालवायचा नाही: हिवर, बोर, कडुनिंब, आपटा, करंज. उंदीरमारी (ग्लिरिसिडिया) लवकर हिरवी दिसते म्हणून कुणीतरी तिचं नाव काढेलच. मी विरोध करणार, आधीच सांगतो.

आणि मेंढपाळांना बोलवा. माळ कुठून कुठे बंद होणार हे त्यांना रोपं लागल्यावर कळलं तर कुंपण एक रात्र टिकणार नाही. रविवारी सकाळी दहाला सुरू करू. बांबू प्रत्येकाने आपापला आणा, गेल्या खेपेचा एकच होता आणि तो कुणीतरी शेळ्या हाकायला नेला.