मेटल डिटेक्टरचा सिग्नल: खणावे केव्हा, सोडावे केव्हा

मी इंग्लंडमधील सफोक परगण्यात राहतो आणि पीक निघालेल्या शेतांत, मालकाची परवानगी घेऊन, मेटल डिटेक्टर चालवणे हा माझा सुट्टीच्या दिवसांचा छंद आहे. या छंदाकडे नव्याने वळणारे बहुतेक जण पहिल्याच भेटीत विचारतात, की पडद्यावर कितीचा आकडा आला म्हणजे खणायचे. या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, कारण तो आकडा धातूचे नाव सांगत नाही.

कॉइलमधील, म्हणजे यंत्राच्या टोकाला असलेल्या आणि जमिनीवरून फिरवायच्या तबकडीतील, एका वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारा विद्युतप्रवाह जमिनीत चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, त्या क्षेत्रामुळे पुरलेल्या धातूत भोवरा-प्रवाह सुरू होतात आणि त्यांचे क्षीण पडसाद दुसरे वेटोळे टिपते. हे पडसाद मूळ क्षेत्राच्या किती मागे पडले, यावरून यंत्र आकडा ठरवते. हे मागे पडणे धातूच्या विद्युतवाहकतेवर अवलंबून असते, पण तितकेच वस्तूच्या जाडीवर आणि आकारावरही असते. म्हणूनच ॲल्युमिनियमचा जाड तुकडा चांदीच्या नाण्याइतका आकडा दाखवू शकतो आणि खरे चांदीचे नाणे, ते पातळ असेल तर, बरेच खाली घसरते.

मायनलॅब इक्विनॉक्स ८०० या यंत्राची पट्टी उणे 9 पासून 40 पर्यंत जाते आणि त्यात शून्याखालचे आकडे मुख्यतः लोखंडासाठी राखलेले आहेत. पट्टीच्या वरच्या टोकाला निर्णय सोपा असतो. 1860 नंतरची मोठी ब्राँझ पेनी किंवा 1920 पूर्वीचे 92.5 टक्के चांदीचे जाड नाणे असा ठाम, गोल आवाज देते की शंका उरत नाही. वरचे टोकही निर्भेळ नसते, पण तिथे उगाच खणल्याने फारसे काही बिघडत नाही.

खरी परीक्षा मधल्या आणि खालच्या पट्ट्यात होते. पेयांच्या डब्यांच्या कड्या, चॉकलेटचा चंदेरी कागद, बंदुकीच्या काडतुसांची पितळी बुडे आणि शेतयंत्रांखाली सापडून चिंधड्या झालेले ॲल्युमिनियमचे डबे, हा सगळा कचरा तिथेच बोलतो. हातोड्याने ठोकून पाडलेली मध्ययुगीन चांदीची नाणीही तिथेच बोलतात. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने 1279 मध्ये नाण्यांची सुधारणा केली, तेव्हाची पेनी जेमतेम दीड ग्रॅमची होती. त्यापूर्वी सुटे पैसे हवे असले की पेनी कापून तिचे अर्धे किंवा पाव तुकडे करत, आणि असा पाव तुकडा यंत्राला चॉकलेटच्या चंदेरी कागदाहून फारसा निराळा वाटत नाही. लहान सोन्याच्या अंगठ्यांचेही तसेच आहे. खालचे आकडे सरसकट बंद करून फिरणारा माणूस कचऱ्यापासून सुटतो खरा, पण ज्यासाठी सफोकच्या शेतात उतरावे, त्यातलाही बराचसा भाग तो आपल्या हाताने पुसून टाकतो. त्यामुळे पहिल्या हंगामात लोखंड वगळता मिळेल तो प्रत्येक सिग्नल खणावा आणि आकडा, आवाज व निघालेली वस्तू वहीत लिहून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगतो. आपल्या यंत्राची आणि आपल्या शेतातील कचऱ्याची ओळख पुस्तिकेतून होत नाही.

आकड्यापेक्षा माझा भरवसा आवाजाच्या सातत्यावर आहे. सिग्नल मिळाला की कॉइल त्यावरून आखूड झोक्याने पुन्हापुन्हा न्यावी आणि मग स्वतः पाव फेरी वळून काटकोनातून तेच करावे. दोन्ही दिशांनी आवाज सारखा, कडा स्पष्ट आणि आकडा एक-दोन अंकांतच हलणारा असेल, तर खाली बहुधा गोलसर, लोखंडाखेरीज दुसऱ्या धातूची वस्तू असते. एका बाजूने सुरेख आणि दुसऱ्या बाजूने तुटक वाजणारा सिग्नल बहुतेक वेळा वाकडा खिळा निघतो. गंजलेले लोखंड, विशेषतः कडी किंवा वॉशरसारख्या भोकाच्या आकारात, उंच सुरात फसवते; त्या वेळी पिनपॉइंटने, म्हणजे वस्तूची नेमकी जागा शोधण्याच्या यंत्रातील सोयीने, दाखवलेली जागा आणि आवाज आलेली जागा वीतभर अंतरावर पडतात, ही खूण मला फार उपयोगी वाटते. कॉइल जमिनीपासून हातभर उचलूनही आवाज टिकला, तर वस्तू मोठी आहे आणि ती नाणे नाही.

यालाही अपवाद आहेत. खोलवरच्या चांगल्या वस्तूचा आकडा डळमळतो आणि अनेकदा लोखंडाकडे झुकतो, शिवाय शेजारी खिळा असेल तर तिचा आवाज अर्धा झाकला जातो. म्हणून क्षीण पण दोन्ही दिशांनी ऐकू येणारा सिग्नल, आकडा अस्थिर असला तरी, मी सोडत नाही. जोरकस पण एकदिशा सिग्नल मात्र सोडतो. जुन्या घराच्या किंवा वस्तीच्या जागी, जिथे पावलोपावली खिळे आहेत, तिथे मोठ्याऐवजी लहान कॉइल लावावी आणि चाल निम्म्याने कमी करावी.

निर्णयात जमिनीचा वाटाही मोठा असतो. नांगरलेल्या शेतात शंकास्पद सिग्नलसाठीही खणायला हरकत नसते, पण गुरांच्या कुरणात प्रत्येक खड्डा मालकाच्या डोळ्यांत भरतो. तिथे खात्रीचेच सिग्नल घ्यावेत आणि गवताचा चौकोन एका बाजूने जोडलेला ठेवून उघडावा म्हणजे तो पुन्हा नीट बसतो. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत प्रश्नच उद्भवत नाही, कारण 1979 च्या कायद्यानुसार तिथे परवान्याशिवाय यंत्र चालवणे हाच गुन्हा आहे. सफोकमध्ये दुसऱ्या महायुद्धातील विमानतळ अनेक होते, तेव्हा लांबट, जड लोखंडी वस्तूची कड दिसली तर तो न फुटलेला बॉम्ब असू शकतो, म्हणून हात तिथेच थांबवावा आणि पोलिसांना कळवावे.

महाराष्ट्रातील वाचक विचारतात, म्हणून थोडे विषयांतर करतो. आपल्याकडच्या काळ्या बेसॉल्टमध्ये चुंबकीय खनिज भरपूर असते, त्यामुळे यंत्र जमिनीशी जुळवून घेतल्याशिवाय ते सतत कुरकुरते आणि इंग्लंडमधले आकडे तिथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे 1878 च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेले दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, आणि संरक्षित किल्ल्यांवर खणणे हा छंद म्हणून विचारातही घेऊ नये.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 1996 चा खजिना कायदा लागू आहे. किमान 300 वर्षे जुनी आणि वजनाने 10 टक्के तरी सोने-चांदी असलेली वस्तू, किंवा एकाच ठिकाणची अशी दोन वा अधिक नाणी, ही खजिना ठरू शकतात आणि तसे वाटल्यापासून 14 दिवसांत कळवावी लागतात. एकटे चांदीचे नाणे सहसा त्यात मोडत नाही, पण तेही पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या, लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या स्थानिक अधिकाऱ्याला दाखवून जागेसह नोंदवावे.

एकाच खड्ड्यातून एकामागून एक नाणी निघू लागली, तर खणणे थांबवावे. 1992 मध्ये सफोकमधील हॉक्सन येथे मित्राचा हरवलेला हातोडा शोधताना एरिक लॉज यांना रोमन सोन्या-चांदीचा मोठा साठा लागला. त्यांनी सगळे उपसत न बसता कळवले आणि पुरातत्त्वज्ञांनी तो जागेवरच उकलला. त्यामुळे सुमारे 15,000 नाणी आणि चांदीच्या वस्तू लाकडी पेटीत कशा रचल्या होत्या, हेही समजू शकले. अशा वेळी मातीचा ढेकूळ जसा आहे तसा झाकून ठेवावा, जागेचा नकाशावरील ग्रिड क्रमांक टिपावा, मालकाला सांगावे आणि अधिकारी येईपर्यंत त्या शेताबद्दल इतर कोणाशीही बोलू नये, कारण बातमी फुटली की रात्री चोरून खणणारे येतात.