फोनमध्ये सुरक्षा-योजना कशी लिहायची

मी नाशिकला समुपदेशन करते. मरणाचे विचार येतात असं कुणी सांगितलं की आम्ही दोघं मिळून त्याच्या फोनमध्ये सुरक्षा-योजना लिहितो, म्हणजे असे विचार आले की काय करायचं, कुणाला फोन लावायचा याची यादी. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मांडलेली ही पद्धत. साधं नोट्सचं अ‍ॅप पुरतं, फक्त ते नेट नसतानाही उघडायला हवं.

आधी धोक्याच्या खुणा. ‘उदास वाटतं’ एवढ्यावर थांबू नका. निफाडकडच्या एखाद्या द्राक्षबागायतदाराची खूण अशी असू शकते: ‘झोप उडते, कुणाचाही फोन उचलवत नाही, कर्जाची वही पुन्हापुन्हा उघडतो.’ इतकं नेमकं असलं तरच वेळेवर ओळखता येतं.

मग एकट्याने करता येईल ते, गोदाघाटावर चक्कर किंवा आवडतं भजन. त्याखाली मामा, मैत्रीण, डॉक्टर यांचे नंबर. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ होम स्क्रीनवरच ठेवा. तो मोफत आहे, २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर थेट ११२.

फवारणीची औषधं घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात ठेवा आणि किल्ली कुणाकडे तेही लिहा. मरणाच्या विचारांची टोकाची लाट बहुधा ओसरते, तेवढा वेळ हाती यायला हवा.

मूडची नोंद ठेवणारं अ‍ॅप वापरत असाल तर ती नोंद भेटीला येताना जरूर दाखवा. पण रात्री त्यात लिहिलेलं तेव्हा कुणी वाचत नसतं, म्हणून मरणाचे विचार आले की लिहीत बसू नका, फोन लावा. योजनेची एक प्रत घरातल्या विश्वासाच्या माणसाला आजच पाठवा.