डोंगरावरचा खाऊ, मुलांच्याच हातचा

ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगराच्या चढावर चॉकलेट वितळतं, वेफर्सचा चुरा होतो आणि खारट खाऊन मुलं अर्ध्या वाटेतच पाणी संपवतात. त्यावर हा बिनगॅसचा खाऊ. तंबूतल्या मुक्कामालाही चालतो.

१. २०० ग्रॅम मऊ खजूर मुलांना आधी मोजायला लावा, मग बिया काढू द्या. जितके खजूर तितक्या बिया भरल्या, की एकही आत राहिली नाही हे नक्की.

२. वाटीभर भाजलेले दाणे चोळून सुपात पाखडा. गॅलरीत पाखडणार असाल तर वारा बघून! आमची निम्मी सालं खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर गेली होती.

३. दाण्यांचं जाडसर कूट, खजूर, दोन चमचे भाजलेले तीळ, चिमूटभर मीठ एकत्र मळा. तुपाचा हात लावून सुपारीएवढ्या गोळ्या वळा. वाकड्या झाल्या तरी चालतील.

४. बटर पेपरमध्ये गुंडाळून, चॉकलेटसारखी कागदाची दोन्ही टोकं पिळून स्टीलच्या डब्यात भरा. तीन-चार दिवस फ्रिजशिवाय सहज राहतात.

फक्त डबा सॅकच्या आतच ठेवा. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की माकडं थेट अंगावर येतात. आणि सोबतच्या मुलांपैकी कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, हे निघण्याआधीच विचारा.